माझी बोट निरोगी आहे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

'मी पाहिलेले जग' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा थोडं हसूच आलं. मी जग पाहिलेलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलो, मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहिल्या आणि कविसंमेलनांच्या निमित्तानं एसटीनं नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत फिरलो. परराज्य म्हणाल तर एकदा बेळगाव. आणि ते परराज्य मानायचं की नाही, हा वाद २००४ साली सुप्रीम कोर्टात गेलेला. तेव्हा माझ्या जगाबद्दल मी काय सांगणार? सांगतो ते माझ्या मामूंच्या जगाबद्दल.

मामू आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमचं गाव, तिथल्या मोहल्ल्यात ते एकटे राहतात. मामी २०१७ साली गेल्या. गेल्या वर्षी मी त्यांना घेऊन रेशनच्या दुकानात गेलो होतो. मशीनवर अंगठा ठेवायचा. मामूंनी ठेवला, उमटेना. दुकानदारानं फडक्यानं पुसायला सांगितलं, साबण लावून पाहिला, दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. मशीन एकच सांगत होतं, हा माणूस तो नव्हे. मागे रांग वाढलेली. शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि मशीननं हिरवा दिवा दाखवला. पिशवी उचलताना मामू म्हणाले, "अडतीस वर्षं दोर ओढले, गंज खरवडला, नऊ बोटांच्या रेघा पार पुसल्या. ह्या एकीनं आयुष्यात काही काम केलं नाही. म्हणून सरकार तिला ओळखतं."

मामूंचं बोलणं आमच्या मोहल्ल्यातल्या कोकणी बोलीतलं. आपल्यासाठी ते थोडं सरळ करून सांगतो आहे. त्यात मीठ कमी झालं तर दोष माझा.

मामू १९५८ साली बोटीवर गेले. तेव्हा कोकणातल्या मुसलमान घरातला मुलगा दाढी फुटायच्या आत एक तर मुंबईला जाई, नाही तर मुंबईतून पुढे. डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती. तिच्यात बोटीवरून उतरलेले आणि बोट मिळायची वाट बघणारे असे वीस-पंचवीस जण आळीपाळीनं झोपत. शिपिंग ऑफिसातून खलाशाला एक पुस्तक मिळे. त्यात प्रत्येक सफरीची नोंद आणि पुढे वागणुकीचा शेरा. जुनी माणसं त्याला 'नळी' म्हणत, कारण पूर्वी हे कागद पत्र्याच्या नळीत घालून जपायचे. मामूंच्या नळीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'व्हेरी गुड' आहे. "साऱ्या जगानं लिहून दिलं," ते म्हणतात, "एक गाव तेवढं राहिलं."

खलाशी, मग टंडेल, मग सारंग असे ते चढत गेले. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा नाईक. जपानपासून अमेरिकेपर्यंत सगळीकडे गेले, पण मागच्या दारानं. लंडन कसं आहे, असं मी लहानपणी विचारलं होतं. "लंडन म्हणजे टिलबरीचा धक्का. पाऊस होता." राणीचा राजवाडा? "राणीनं बोलावलं नाही आणि सारंगानं सोडलं नाही." १९६० च्या सुमाराला डर्बनला गेले, तेव्हा वर्णभेदाचे दिवस होते. बागेतल्या बाकांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या. शेजारी काळ्या लोकांसाठी वेगळी सोय. मामू म्हणतात, "आम्ही गोरेही नव्हतो आणि काळ्यांतही धड बसत नव्हतो. म्हणून उभेच राहिलो. शहर मात्र उभ्यानं चांगलं दिसतं."

घड्याळ आणि कॅलेंडर यांच्यावरचा त्यांचा विश्वास पॅसिफिकमध्ये उडाला. अमेरिकेकडून जपानला येताना तारखेची रेषा ओलांडली की एक दिवस गळून पडतो. मामू गुरुवारी रात्री झोपले आणि उठले तर शनिवार. जुम्याचा दिवसच समुद्रात पडला. गावी आल्यावर त्यांनी मौलवीसाहेबांना विचारलं, त्या आठवड्याच्या जुम्याचं काय? मौलवीसाहेब म्हणाले, असं होऊच शकत नाही. "त्यांचंही खरं," मामू म्हणतात, "त्यांचा प्रवास खेडपर्यंतचा."

मामू टीव्ही बघतात, बराच वेळ आवाज बंद करून. नऊ चौकोनांत नऊ माणसं एकाच वेळी ओरडताना दिसली की त्यांना इंजिनरूम आठवते. खाली आगवाल्यांना आणि तेलवाल्यांना यंत्रांच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ते हातांनी खुणा करत. "त्यांचं एकमेकांना सगळं कळायचं. बोट चालायची ना!"

सध्याच्या घडामोडींवर त्यांची मतं तयार असतात आणि ती बहुतेक सुवेझमधून निघतात. मुंबई-गोवा महामार्गाचं घ्या. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि २०२५ च्या गणपतीलाही चाकरमानी खड्डे मोजतच गावी आले. मामू म्हणतात, सुवेझचा कालवा १६४ किलोमीटर, तोही वाळूतून, १८५९ ला फावडं मारलं आणि १८६९ ला बोटी सोडल्या. मी म्हटलं, मामू, तिथे वेठबिगार लावले होते. "तेच तर," मामू म्हणाले. "तिथं वेठीला धरलेली माणसं खणत होती. इथं वेठीला धरलेली माणसं एसटीत बसलीत."

मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाची चारशे मीटर लांबीची कंटेनर बोट त्याच कालव्यात आडवी रुतली आणि सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला, हे आपल्याला आठवत असेल. बोटीवरचे पंचवीसच्या पंचवीस कर्मचारी भारतीय होते. मामू ते सहा दिवस टीव्हीसमोरून हलले नाहीत. वारा होता, धूळ होती, कालव्याचे पायलटही बोटीवर होते. लोक मात्र विचारत होते, चाकावर कोण होता? मामूंनी मला फोन केला. "पायलट हुकूम देतो, कप्तान मान हलवतो, सुकाणी चाक फिरवतो. बोट नीट गेली तर कप्तानाची, रुतली की सगळे सुकाण्याकडे बघतात." थोडं थांबून म्हणाले, "हे कालव्यापुरतं नाही हं. तुझ्या रेडिओवर सांगू नको." सांगितलं, मामू, माफ करा.

त्यांची सर्वांत आवडती गोष्टही सुवेझचीच, पण ती त्यांनी पाहिलेली नाही, बंदरांतून ऐकलेली आहे. जून १९६७ च्या युद्धात कालवा बंद झाला तो १९७५ च्या जूनपर्यंत. मामूंच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. पण त्या दिवशी कालव्यात असलेल्या चौदा बोटी मधल्या मोठ्या खाऱ्या तळ्यात अडकल्या, त्या आठ वर्षं. एका काठावर इस्रायलच्या तोफा, दुसऱ्या काठावर इजिप्तच्या. डेकवर वाळवंटाची धूळ साचून त्या पिवळ्या दिसू लागल्या. त्यांत अमेरिकन बोट होती, ब्रिटिश होत्या, पश्चिम जर्मन होत्या, आणि पोलंड, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकियाच्याही होत्या. म्हणजे ज्यांचे देश एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते, ती माणसं. त्यांनी तिथे एक मंडळ काढलं, होड्यांच्या शर्यती लावल्या, १९६८ साली आपलं आपलं ऑलिंपिक भरवलं, स्वतःची पोस्टाची तिकिटंसुद्धा काढली. मामू म्हणतात, "अडकल्याशिवाय माणूस शेजाऱ्याकडे जेवायला जात नाही."

मी त्यांना म्हटलं होतं, हे काही दर वेळी खरं ठरत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात २०२० साल होतं.

त्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या रुळांवरून चालत कोकणात येत होते, गावाबाहेरच्या शाळांमध्ये चौदा चौदा दिवस राहत होते. त्यातच दिल्लीतल्या एका धार्मिक मेळाव्याची बातमी आली, आणि एप्रिल उजाडला तो वेगळ्याच हवेचा. आमच्या नावांकडे लोक जरा थांबून बघू लागले. मोबाइलवर काय काय फिरत होतं, ते मी इथे पुन्हा सांगत नाही. आमच्या मोहल्ल्यात पलीकडच्या वाडीतला दूधवाला यायचा, वीस वर्षं. तो यायचा थांबला. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. सकाळी सायकलची घंटा वाजली नाही, इतकंच.

मी शहरात अडकलेलो. फोनवर ऐकलं आणि रागानं एक लांबलचक कविता लिहिली. मामूंनी ती फोनवर शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "तुझ्याकडे दूध येतं ना?"

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं एक काम केलं. मामींची जुनी पिवळी ओढणी पेटीतून काढली आणि खळ्यात बांबू रोवून त्याला बांधली. हे थोडं समजावून सांगायला हवं. पूर्वी पिवळं निशाण म्हणजे बोटीवर साथ आहे, लांब राहा, अशी समजूत होती. जमिनीवरच्या लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे. पण आजच्या नियमांप्रमाणे परदेशातून आलेली बोट बंदराबाहेर पिवळं निशाण चढवते, त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. माझी बोट निरोगी आहे, मला आत येण्याची परवानगी मिळावी.

गावात हे कुणाला माहीत असणार? संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की मोहल्ल्यात रोगी सापडला. गावातली दोन माणसं तोंडाला रुमाल बांधून कुंपणाबाहेर उभी राहिली. मामूंनी त्यांना निशाणाचा अर्थ सांगितला. ती काही न बोलता गेली. मग मामूंनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कोळशानं मराठीत लिहिलं, 'माझी बोट निरोगी आहे. आत यायची परवानगी मिळावी.' आणि तो बांबूला टांगला. तपासणीला आलेली आशाताई तो वाचून हसली, असं मामूंनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. पहिली परवानगी तिनं दिली, म्हणे.

खाडीच्या उतारावर समोरच्या वाडीत एक निवृत्त गुरुजी राहतात. चौथीपर्यंत ते आणि मामू एका बाकावर होते. पुठ्ठा लागल्याच्या तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या अंगणात, अगदी मोहल्ल्यातून दिसेल अशा बाजूला, त्यांचं पूजेचं पिवळं पीतांबर दोरीवर दिसलं. दुसऱ्या दिवशीही होतं. तिसऱ्या दिवशीही. ते वाळत घातलं होतं की कसं, हे मामूंनी कधी विचारलं नाही आणि गुरुजींनी कधी सांगितलं नाही. मी एकदा गुरुजींकडे विषय काढला, तर ते म्हणाले, "त्या वर्षी ऊन फार होतं."

दूधवाला मात्र जूनपर्यंत आला नाही. पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी घंटा वाजली. तो खाली बघत उभा. मला वाटत होतं, मामूंनी दोन शब्द ऐकवावेत. दोन महिन्यांचा हिशेब आहे, अपमान आहे, वीस वर्षं आहेत. मामूंनी पातेलं पुढे केलं आणि विचारलं, "म्हशीला काय सांगितलंस?" तो कसनुसा हसला. त्याच्या हसण्याबद्दल मी आजही नाराज आहे. मामूंनी दूध तापत ठेवलं.

त्याच वर्षाच्या अखेरीला जगभरात सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवरच अडकले होते. पुष्कळ बंदरं त्यांना उतरू देत नव्हती. मामूंनी ती बातमी मला दोनदा वाचायला लावली. त्या दिवशी त्यांनी कशावरही मत दिलं नाही.

आता त्यांचं फिरणं पडवी ते खळं एवढंच उरलं आहे. पूर्वी बोट धक्क्याला लागली की आठ-दहा दिवस माल उतरवणं चाले आणि तेवढ्यात खलाशी बाजारात फिरून येई. आता कंटेनरच्या बोटी दिवसभरात रिकाम्या होऊन निघतात. पोरं चाळीस देशांना जातात आणि एकाही देशात चहा पीत नाहीत, हे त्यांना फार लागतं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले आणि पुष्कळ बोटी पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, तेव्हा मात्र ते खूश दिसले. "माझा रस्ता पुन्हा चालू झाला." नंतर स्वतःच गप्प झाले. त्या रस्त्याला दहा-बारा दिवस जास्त लागतात, आणि ते दिवस कुणाच्या तरी घरी मोजले जातात, हे त्यांना पाठ आहे.

गेल्या रमजान ईदेला मी त्यांना माझा कवितासंग्रह वाचून दाखवत होतो. त्यातली समुद्रावरची एक कविता समीक्षकांना आवडली होती, तिला एक छोटा पुरस्कारही आहे. अष्टमीच्या चांदण्यात उधाण येतं आणि उंबऱ्यापर्यंत पाणी चढतं, असं तिच्यात आहे. मामूंनी डोळे मिटून ऐकली.

"अष्टमीला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अष्टमीला भांग असतो रे. पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. उधाण पुनवेला नाही तर अवसेला. खाडीकाठी जन्मलास ना तू?"

दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो, असं मी कबूल केलं. दुसरी आवृत्ती काही अजून निघालेली नाही, त्यामुळे माझं उधाण अष्टमीलाच येतं आहे. मामू भेटले की विचारतात, "ओसरलं का पाणी?"