आळवणीचे गाणे



आज ज्या संगीताविषयी मी बोलणार आहे, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेही नसेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांनी १९७० नंतरच्या दहा वर्षांत गायिलेली संथ लयीची प्रेमगीते हा माझा विषय आहे. या संगीताला तिकडे ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. ही गाणी निघाली त्याला आता पन्नासच्या आसपास वर्षे झाली. ती रचणारे आणि गाणारे कित्येकजण काळाच्या पडद्याआड गेले. तबकड्या गेल्या, फिती आल्या आणि त्याही गेल्या. परंतु या गाण्यांवर जीव टाकणारे रसिक काही गेले नाहीत. हे प्रेम टिकले कसे, एवढाच प्रश्न आज आपण घेऊ.

याचे एक सोपे उत्तर कोणीही देईल. तारुण्यात ऐकलेले गाणे माणूस म्हातारपणीही विसरत नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण ही गाणी निघाली तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी माणसेही त्यांत रमतात. त्यांना कोणाच्या तारुण्याची आठवण होणार? तेव्हा कारण गाण्यातच शोधले पाहिजे.

आपल्या भाषेत ‘आळवणे’ असा एक सुंदर शब्द आहे. आपण देवाला आळवतो आणि रागही आळवतो. या एकाच क्रियापदात विनवणी आहे आणि गाणेही आहे. सोल गीताचे मर्म मला या शब्दात सापडते. या गायकांपैकी कितीतरी जणांचे पहिले गाणे चर्चमध्ये झाले. तेथे एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी साद द्यायची, आणि भाव दाटून आला की शब्द सोडून नुसत्या स्वरावर रेंगाळायचे, अशी गाण्याची रीत होती. १९५४ च्या सुमारास रे चार्ल्स याने हीच रीत लौकिक प्रेमाच्या गाण्यात आणली. १९५७ साली सॅम कुक भजनमंडळी सोडून त्याच वाटेने गेला. श्रद्धाळू मंडळींना हे रुचले नाही. देवाची चाल माणसाला वाहिली, असे त्यांना वाटले. पण लोकांच्या मनाचा ठाव या गाण्याने घेतला, तो याच मिलाफामुळे. आळवणी तीच राहिली, आळवायचे दैवत तेवढे बदलले.

आता ही आळवणी कोणत्या काळात झाली ते पाहा. मेम्फिस शहरात १९६८ च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी संप केला. त्यांच्या हातांतील फलकांवर एकच वाक्य होते: ‘मी माणूस आहे.’ त्या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिल रोजी त्याच शहरात खून झाला. त्यानंतर चार वर्षेही झाली नाहीत, तोच त्याच मेम्फिसमधून एक मऊ, जवळजवळ कुजबुजल्यासारखा आवाज देशभर ऐकू आला. अल ग्रीनचे ‘लेट्स स्टे टुगेदर’ हे गाणे १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ते ध्वनिमुद्रित झाले एका जुन्या चित्रपटगृहाच्या इमारतीत. त्याचा संगीत-दिग्दर्शक विली मिचेल. गळ्यात जोर असलेल्या गायकाला त्याने हळू गावयास लावले. ज्या समाजातील पुरुषाला प्रौढ वयातही ‘पोरा’ म्हणून हाक मारली जात असे, त्याने कोणाशी भांडण न करता प्रेयसीला ‘एकत्र राहू या’ म्हणून विनवावे! फलकावरचे वाक्य आणि हे गाणे यांत मला तरी विरोध दिसत नाही. आपले दुबळेपण उघड करण्याची मुभा ज्याला आहे, तोच पुरता माणूस होय.

मेम्फिसचे गाणे साधे, तर फिलाडेल्फियाचे भरजरी. तेथे १९६८ साली सिग्मा साउंड हा ध्वनिमुद्रण-कक्ष निघाला आणि १९७१ साली गॅम्बल व हफ या जोडीने आपली कंपनी काढली. त्यांच्याच वर्तुळातील टॉम बेल हा लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकलेला. त्याने प्रेमगीतांत व्हायोलिनांचे ताफे आणि फ्रेंच हॉर्न आणले. त्याने केलेल्या ‘डेल्फॉनिक्स’ आणि ‘स्टायलिस्टिक्स’ यांच्या गाण्यांत सतारीसारखा झणत्कार ऐकू येतो आणि आपण चमकतो. ते वाद्य विजेवर चालणारी गिटारच. पण तिची घोडी मुद्दाम अशी केलेली, की तारेला जवारीचा नाद यावा. जी जवारी आमच्या मिरजेचे कारागीर हाताने साधतात, तिची छाया अशी फिलाडेल्फियाच्या प्रेमगीतावर पडली. १९७४ चे ‘यू मेक मी फील ब्रँड न्यू’ हे गाणे मिळाले तर जरूर ऐका. त्यात आधी एक खर्जातील भारदस्त आवाज येतो. मग त्याच्यावर रसेल टॉम्पकिन्सचा अतिशय बारीक, उंच, पुरुषी अहंकाराचा लवलेश नसलेला आवाज अलगद उतरतो. अशा कित्येक गाण्यांचे शब्द लिंडा क्रीड या गोऱ्या तरुणीचे आहेत. ती १९८६ साली, अवघ्या सदतीसाव्या वर्षी वारली.

येथवर गाणाऱ्यांविषयी बोललो. पण गाणे टिकते ते ऐकणाऱ्यांमुळे, आणि माझ्या विषयाचा गाभा तोच आहे. १९७६ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर मेल्विन लिंडसे नावाच्या विद्यार्थ्याने रात्री केवळ संथ गाणी लावण्यास आरंभ केला. स्मोकी रॉबिन्सनच्या आदल्या वर्षीच्या एका गाण्यावरून त्या कार्यक्रमाला ‘शांत वादळ’ अशा अर्थाचे नाव पडले. पाहता पाहता गावोगावच्या केंद्रांनी तो प्रकार उचलला. दिवसभर राबून आलेल्या माणसांची रात्र या गाण्यांनी आपलीशी केली.

याहूनही मोठी गोष्ट कॅलिफोर्नियात घडली. तेथे आर्ट लबो हा निवेदक १९४० च्या दशकापासून रेडिओवर होता. श्रोत्याने दूरध्वनी करावा, नाव सांगावे, कोणासाठी गाणे हवे ते सांगावे, की तो ते लावी. फर्माईश आपल्यालाही नवी नाही. रेडिओ सिलोनला पत्रे पाठवून झुमरीतलैया हे गाव प्रसिद्ध झाले, हे आपण जाणताच. पण आपली फर्माईश बहुधा स्वतःच्या आवडीची असे, आणि लबोकडची दुसऱ्या माणसाला उद्देशून असे. त्याच्या श्रोत्यांत मेक्सिकन वंशाचे कष्टकरी लोक फार. त्यांतील कितीकांचा नवरा, मुलगा किंवा भाऊ तुरुंगात. भेटीला जायचे तर शेकडो मैलांचा प्रवास. मग बायको गाणे मागे, लहान मूल बापाला ‘लवकर ये’ म्हणे, आणि कोठडीतला माणूस रेडिओला कान लावून बसे. तुरुंगातूनही लबोला पत्रे येत. त्याने हे काम अखेरपर्यंत केले. २०२२ साली तो वारला तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचा होता.

आता विचार करा. गाणे रचले फिलाडेल्फियातील किंवा शिकागोतील कृष्णवर्णीयांनी. निरोप धाडते लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाची बाई. ज्याला धाडते तो भिंतीआड. तिला जे बोलता येत नाही ते दुसऱ्या कोणी आधीच गाऊन ठेवले आहे, आणि ती ते उसने घेते. अशा माणसासाठी ते गाणे जुने होणार कसे? पत्राचा कागद जुना होईल, पण दर वेळी धाडणारा नवा आणि वाचणाराही नवा.

काही टीकाकार म्हणतात, ही गाणी फार गोड, फार हळवी. व्हायोलिनांचा पाक त्यांत अंमळ जास्तच. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्या दशकात साच्यातून काढलेली गाणीही पुष्कळ निघाली, आणि ती विसरली गेली हे ठीकच झाले. परंतु जी उरली ती का उरली, हे ‘जॅकी ब्राउन’ या १९९७ च्या चित्रपटात फार छान दाखविले आहे. मध्यम वयाची नायिका घरी डेल्फॉनिक्सची जुनी तबकडी लावते. तिच्याकडे आलेला, तिच्याहूनही प्रौढ असा गृहस्थ ती ऐकतो. नंतर तो दुकानात जातो आणि त्याच गाण्यांची फीत विकत घेऊन मोटारीत वाजवीत राहतो. प्रेमाचा एक शब्द त्याने उच्चारलेला नाही. पण प्रेक्षकाला सारे कळते.

अल ग्रीनने १९७६ साली मेम्फिसमध्ये एक चर्च विकत घेतले आणि तो तेथे धर्मोपदेशक झाला. आळवणी पुन्हा मूळ दैवताकडे गेली. तरीही लोकांनी त्याचे प्रेमगीत सोडले नाही. २०१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या अपोलो रंगमंचावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्याच गाण्याची ओळ स्वतः गुणगुणली, तेव्हा अल ग्रीन सभागृहातच होता. ‘मी माणूस आहे’ असा फलक जेथे हाती धरावा लागला, त्या देशाच्या प्रमुखाच्या तोंडी ती ओळ यावी, यातील अर्थ मी उलगडून सांगावयास नको.

श्रोतेहो, आपल्याही घरांत अशी गाणी असतील. ती कोणाची, कोणत्या सालची, हे जाणणे चांगले. पण त्याहून चांगले हे, की जे माणूस दूर आहे, रुसले आहे किंवा ज्याच्याशी बोलावयाचे राहून गेले आहे, त्याला त्यांतले एखादे ऐकवावे. गाणे जिवंत राहते ते अशा उपयोगाने.