आधी माणूस, मग चित्र
(प्रवास-छायाचित्रण कार्यशाळेतील भाषण)



पौषात सातारा जिल्ह्यातील पालीला खंडोबा-म्हाळसेच्या विवाहात भंडारा उधळला जातो. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचे बगाड निघते. कॅमेरा घेऊन आपण तेथे जातो ते पाहुणे म्हणून, याचे विस्मरण होऊ नये. सांगलीच्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांच्या छायाचित्रांनी दूरवर पोहोचली; २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रथेवर निर्बंध आणले. पण नागाला भाऊ मानून पूजणारी माउली किती चित्रांत दिसली? बगाडाचे खिलार बैल पोटच्या पोरासारखे जपणारा शेतकरीही चौकटीबाहेरच राहतो. म्हणून आधी नाव विचारा, अनुमती घ्या, मगच कळ दाबा. चित्राची एक प्रत त्या घरी अवश्य पोहोचवा. उत्सव त्यांचा आहे. आपण केवळ साक्षीदार आहोत.