स्वस्त टॅब घेण्यापूर्वी

(पेण व रोहा भागातील साक्षरता वर्गांसाठी दिलेले भाषण)



आज मी तुमच्याशी एका लहान वस्तूबद्दल बोलणार आहे. वस्तू लहान आहे. पण तिच्यापायी घरातला कष्टाचा पैसा जातो. म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

ती वस्तू म्हणजे टॅबलेट. टॅबलेट म्हटलं की आपल्याला डोकेदुखीची गोळी आठवते. ही ती गोळी नव्हे. हे एक यंत्र आहे. आकारानं मुलांच्या पाटीएवढं. वर काच असते. काचेला बोट लावलं की ते चालतं. त्यावर धडा वाचता येतो. गणित सोडवता येतं. दूरच्या माणसाचं तोंड पाहून त्याच्याशी बोलता येतं. लोक त्याला थोडक्यात टॅब म्हणतात.

२०२० साली करोनाची साथ आली. शाळा बंद झाल्या. गुरुजी मोबाईलवरून शिकवू लागले. तेव्हा खेड्यापाड्यांतल्या आईबापांना वाटू लागलं की आपल्या पोरांच्या हातातही असं काही असावं. ही ओढ चांगली आहे. तिला कुणी नावं ठेवू नये.

पण बाजारात गेलं की टॅब दोन तऱ्हेचे दिसतात. एकावर ओळखीच्या कंपनीचं नाव असतं. समजा, त्याची किंमत दहा हजार रुपये आहे. दुसऱ्यावर नावच नसतं. किंवा असतं ते कधी न ऐकलेलं. तो चार हजारांना मिळतो. दिसायला दोन्ही सारखेच. मग माणूस म्हणतो, "सहा हजार जास्त कशाला घालवायचे?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधू या.

तुम्ही पेणची माणसं. गणपतीच्या मूर्तींसाठी पेणचं नाव जगभर झालं आहे. तुम्हांला मी काय सांगणार? शाडूची मूर्ती आणि प्लॅस्टरची मूर्ती. एकदा रंग चढला की दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण जाणता माणूस मूर्ती उचलून पाहतो. शाडूची जड लागते. प्लॅस्टरची हलकी लागते. आत काय आहे ते रंगावरून कळत नाही.

टॅबचंही तसंच आहे. वरची काच म्हणजे रंग. खरी गोष्ट आत असते. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

वस्तू स्वस्त होते, ती कशी? एक खरी हकीकत सांगतो. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारनं दिल्लीत 'आकाश' नावाचा टॅब पुढे आणला. तो विद्यार्थ्यांसाठी होता. सरकारला एक टॅब सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. हेतू चांगला होता. पण किंमत इतकी खाली आणायची म्हणजे आतली सामग्री हलकी घ्यावी लागते. त्या टॅबच्या काचेला नुसतं बोट लावून भागत नसे. दाबावं लागे. तो हळू चाले. बॅटरी लवकर उतरे. लोकांनी तक्रारी केल्या. पुढे हे काम मुंबईच्या पवई इथल्या आय. आय. टी. कडे आलं. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारलेला 'आकाश २' निघाला. त्याची काच बरी होती. आतलं यंत्रही जलद होतं.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली ही, की फार स्वस्त वस्तूत कुठंतरी काटकसर केलेली असते. ती कुठं केली आहे, ते विचारलं पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आकाशला नाव होतं. त्याच्यामागे सरकार उभं होतं. म्हणून तक्रार करायला जागा होती. म्हणून सुधारणा झाली. बिननावाच्या टॅबची तक्रार तुम्ही कुणाकडे नेणार?

आता बिननावाच्या टॅबमध्ये कोणते धोके असू शकतात, ते एकेक पाहू. असा प्रत्येक टॅब वाईटच असतो, असं मी म्हणत नाही. पण धोका कुठं आहे, ते ठाऊक असावं.

पहिला धोका खोट्या आकड्यांचा. टॅबमध्ये साठवणीची जागा असते. ती आपल्या घरच्या कणगीसारखी. खोक्यावर ६४ जी. बी. छापलेलं असतं. आत जागा १६ चीच निघते. कधीकधी टॅबच्या काचेवरही खोटाच आकडा दाखवतात. मग दोन महिन्यांत टॅब भरून जातो. मुलाचा धडा उघडत नाही.

दुसरा धोका बॅटरीचा. ही बॅटरी लिथियमची असते. चांगली असली तर काही त्रास नाही. हलकी असली तर ती तापते, फुगते, क्वचित पेटही घेते. बरोबर मिळणारा चार्जरही हलका असू शकतो. टॅबची पाठ फुगलेली दिसली, तर तो लगेच बंद करा. पुन्हा चार्जिंगला लावू नका. टॅब कोणताही असो, उशीखाली किंवा गोधडीवर ठेवून चार्ज करू नका. लेकराच्या हातात असताना तर नाहीच नाही.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. घर नवं, पण चोर आधीच माळ्यावर बसलेला, असा हा प्रकार आहे. २०२३ साली अमेरिकेतल्या एका सुरक्षा कंपनीनं एक गोष्ट उघड केली. काही स्वस्त, बिननावाच्या यंत्रांत चोरटे प्रोग्रॅम आधीच भरलेले होते. गिऱ्हाइकानं खोकं उघडण्यापूर्वीच ते आत होते. त्यांत टी. व्ही. ला जोडायचे डबे होते. टॅबही होते. मालकाला नकळत दुरून कुणीही त्या यंत्रात हवं ते घालू शकत होता. २०२५ साली पुन्हा तपास झाला. तेव्हा अशी दहा लाखांहून अधिक यंत्रं जगभर सापडली. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या पोलीस खात्यानं, म्हणजे एफ. बी. आय. नं, लोकांना सावधगिरीचा इशारा दिला.

आता विचार करा. आजकाल बँकेचं खातं मोबाईलवर असतं. बचत गटाचा हिशोबही त्यावर असतो. असल्या यंत्रावर बँकेचा गुप्त आकडा टाकणं म्हणजे तिजोरीची किल्ली उंबरठ्यावर ठेवणं. सहा हजार वाचवायला गेलो आणि खात्यातले साठ हजार गेले, असं होऊ नये.

चौथा धोका दुरुस्तीचा. काच फुटली, तर तशी काच मिळत नाही. चार्जर लावायची खाच बिघडली, तर दुकानदार म्हणतो, "याचा भाग येत नाही." पेणला नाही, रोह्याला नाही, पनवेलला जाऊनही नाही. गाडीभाडं जातं. दिवसाची मजुरी बुडते.

आता थोडा हिशोब करू. पाटी-पेन्सिल घ्या. समजा, चार हजारांचा टॅब आठ महिने चालला. ४,००० भागिले ८. महिन्याला ५०० रुपये पडले. समजा, दहा हजारांचा टॅब चार वर्षं चालला. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. १०,००० भागिले ४८. महिन्याला सुमारे २०८ रुपये. आता सांगा, स्वस्त कोणता?

चार हजारांचा टॅब चार वर्षं चालला, तर तोच स्वस्त पडेल. तसंही होऊ शकतं. पण तो चालेल याची हमी कोण देतो? हाच खरा प्रश्न आहे.

शेतकरी भाताचं बियाणं घेताना काय करतो? पिशवीवरची चिठ्ठी पाहतो. बियाणं उगवलं नाही, तर नुसते बियाण्याचे पैसे जात नाहीत. सगळा हंगाम जातो. तीच नजर इथं लावायची.

आणि इथंच तुमचं शिक्षण कामाला येतं. पूर्वी दुकानदार सांगेल ते खरं मानावं लागे. आता तुम्हांला अक्षर कळतं. आकडा कळतो. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. खोकं हातात घ्या आणि वाचा.

खोक्यावर काय पाहायचं?

एक. बनवणाऱ्याचं किंवा परदेशातून आणणाऱ्याचं नाव आणि पत्ता. बंद खोक्यातून विकायच्या मालावर ही माहिती द्यावी, असा कायदा आहे. विजेच्या यंत्रांवर तिच्यातली काही माहिती ठिपक्यांच्या चौकोनातही असते. त्याला क्यू. आर. म्हणतात. मोबाईलनं तो वाचता येतो.

दोन. छापील किंमत. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही.

तीन. तक्रारीचा फोन नंबर. दुकानात उभं राहूनच तो लावून पाहा. कुणी उचलतो का, ते कळेल.

चार. सरकारी मानकाची खूण. भारतीय मानक ब्युरो नावाची सरकारी संस्था आहे. टॅब विकायचा, तर तिच्याकडे नोंद करावी लागते. २०१२ सालच्या हुकमानं हा नियम आला. नोंदीचा नंबर इंग्रजी 'आर' या अक्षरानं सुरू होतो. त्यापुढे आठ आकडे असतात. मोबाईलवर 'बी. आय. एस. केअर' नावाचं ॲप फुकट मिळतं. त्यात हा नंबर घाला. बनवणाऱ्याचं नाव दिसेल. ते खोक्यावरच्या नावाशी जुळतं का, ते पाहा. चार्जरवरही असाच नंबर असतो. तोही पाहा.

पाच. टॅबमध्ये सिमकार्ड बसत असेल, तर त्याला पंधरा आकड्यांचा एक नंबर असतो. तो खोक्यावर छापलेला असतो. मोबाईलवरून एक संदेश लिहा. आधी इंग्रजी के, वाय, एम ही तीन अक्षरं. मग जागा सोडून ते पंधरा आकडे. हा संदेश १४४२२ या नंबरावर पाठवा. यंत्र कोणत्या कंपनीचं आहे, ते उत्तरात येतं. नंबर खोटा किंवा चोरीचा असला, तर तेही कळतं.

सहा. टॅब चालू करून 'प्ले स्टोअर' उघडा. त्याच्या सेटिंगमध्ये 'अबाऊट' या ठिकाणी यंत्र 'सर्टिफाइड' आहे की नाही, ते लिहिलेलं असतं. म्हणजे गूगल कंपनीनं ते तपासलेलं आहे. इंग्रजी येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकीला बरोबर न्या. यात लाज कसली?

एवढं झालं की शेवटची गोष्ट मागायची. ती म्हणजे पावती. दुकानात असं बोलणं होतं :

"भाऊ, पक्की पावती द्या."

"वहिनी, पावती कशाला? मी बसलोय ना इथं! बिघडला तर माझ्याकडे आणा."

"तुम्ही बसलाय हे खरं, भाऊ. पण तुमचा शब्द कागदावर असू द्या."

"पावती घेतली तर कर लागेल. महाग पडेल."

"मग राहू द्या. मी दुसरीकडे बघते."

वहिनीनं बरोबर केलं. पावती मागणं हा आपला हक्क आहे. पावती नाही, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? मुंबईला कामाला जाणारा कुणी गाडीतून टॅब आणून देतो. रस्त्यावर कुणी विकतो. माणूस वाईट नसेल. पण पावती नसेल, तर तो टॅब अनाथ आहे असं समजा.

पावती असेल आणि वस्तू खराब निघाली, तर गप्प बसू नका. आधी दुकानदाराला लेखी कळवा. त्यानं ऐकलं नाही, तर १९१५ या नंबरावर फोन करा. ही ग्राहकांसाठी सरकारी मदत आहे. फोनला पैसे पडत नाहीत. मराठीत बोला. तरी काम झालं नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकान कुठंही असलं तरी चालतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथं फी नाही. वकील द्यायलाच हवा, असंही नाही. पण दोन वर्षांच्या आत गेलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, "दहा हजार आणायचे कुठून? आमच्याकडे चारच आहेत." हे म्हणणं खरं आहे. मजुरी करणाऱ्याला दहा हजार म्हणजे डोंगर. त्याला नुसतं "महाग घे" असं सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला "पलीकडच्या तीरावर ये" म्हणण्यासारखं आहे.

त्याला तीन वाटा आहेत. घरात चांगला मोबाईल असेल, तर काही दिवस त्यावरच मुलाचा अभ्यास होऊ द्या. वेळ ठरवून द्या. दुसरी वाट जुन्या टॅबची. नाव असलेल्या कंपनीचा वापरलेला टॅब दुरुस्त करून, हमीसह विकणारे दुकानदार असतात. तो पावती घेऊन, तपासून घ्यावा. तिसरी वाट शेजाऱ्यांची. दोन-तीन घरांनी मिळून एक चांगला टॅब घ्यावा. आपण लग्नाची मोठी भांडी गावात मिळून वापरतोच की!

आणि इतकं करूनही बिननावाचा टॅब घ्यायचाच झाला, तर दोन पथ्यं पाळा. पहिलं, जे पैसे बुडाले तरी घरची चूल थांबणार नाही, तेवढेच त्यात घाला. उसने काढून तर मुळीच घेऊ नका. दुसरं, त्यावर बँक नको, आधारचा नंबर नको, घरच्या बायकामुलांचे फोटो नकोत. नुसते धडे, गोष्टी, गाणी. तेवढ्यापुरता तो चालेल.

मंडळी, तराजूला दोन पारडी असतात. दुकानदार आपल्याला एकच पारडं दाखवतो. त्यात किंमत असते. दुसऱ्या पारड्यात काय काय आहे, ते आपण पाहायचं. यंत्र किती दिवस चालेल? घर सुरक्षित राहील का? खातं सुरक्षित राहील का? आणि बिघडलं तर उत्तर कोण देईल? जास्तीच्या पैशांत आपण नुसती चांगली काच घेत नाही. उत्तर देणारा माणूस घेतो.

आज घरी गेल्यावर एक काम करा. मोबाईलचा चार्जर हातात घ्या. त्यावरची बारीक अक्षरं उजेडात वाचा. 'आर' चा नंबर सापडतो का, ते पाहा आणि वहीत लिहून आणा. उद्या वर्गात सगळ्यांनी आपापले नंबर वाचून दाखवायचे. ज्याच्या चार्जरवर काहीच सापडणार नाही, त्यानं तेही सांगायचं.