यात्रेत हरवलेला रुग्ण



दुर्मीळ नेत्रविकारांच्या नोंदींवर बोलायला वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या, डोंगरावर जमलेल्या डॉक्टरांचे, रुग्णांचे आणि नातेवाइकांचे स्वागत समिती स्वागत करते. चैत्र पौर्णिमेला इथे लाखो भाविक येतात. सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरे उधळले जाते आणि त्या गर्दीत एखादे पोर हमखास हरवते. मग कर्ण्यावरून पुकारा होतो: नाव, गाव, सदऱ्याचा रंग. नुसते ‘एक मुलगा सापडलाय’ म्हटले, तर निम्म्या डोंगरावरचे आईबाप धावत येतील.

दुर्मीळ नेत्रविकारांच्या नोंदींचे दुखणे हेच आहे: रुग्ण गर्दीत विखुरलेले आणि पुकारा अपुरा.

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २००९ या काळात ग्रामीण भागातल्या तिशीच्या पुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे ज्यात आधी अंधारात दिसेनासे होते आणि मग नजरेचा घेर आवळत जातो तो आजार, त्यांत अवघ्या सहा जणांना निघाला. साधारण ७५० माणसांमागे एक. जगाचा हिशेब चार हजारांमागे एकाच्या आसपास सांगतात. सहा माणसांवरून प्रमाणाचा अंदाज बांधता येतो, तोही जपूनच. पण नजर कोणत्या वयात किती उतरते, अशा रुग्णाचा मोतीबिंदू काढून कितपत फायदा होतो, हे सहा जण सांगू शकत नाहीत. त्यासाठी शेकडो रुग्ण लागतात, आणि एका ओपीडीत जन्मभर बसूनही तेवढे भेटत नाहीत.

म्हणून अनेक ठिकाणचे केसपेपर एकत्र यावे लागतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०१० पासून ‘आयस्मार्ट’ ही स्वतःची संगणकीय नोंदपद्धती उभी केली. शहरातले मोठे रुग्णालय आणि खेड्यातले केंद्र एकाच साच्यात लिहू लागले. लाखो रुग्णांच्या त्या साठ्यातून क्वचित दिसणाऱ्या विकारांचेही अभ्यास निघाले. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीची ‘आयरिस’ नोंदणीही अशीच, २०१४ ची.

साठा मोठा झाला की काम झाले, असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आजार-वर्गीकरणात ‘एच ३५.५’ या एकाच आकड्याखाली रेटिनायटिस पिगमेंटोझाही येतो आणि स्टारगार्ट हा आजारही. एकात कडेची नजर आधी जाते, दुसऱ्यात मधली. हा आकडा म्हणजे सदऱ्याचा रंग न सांगता केलेला पुकारा! २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकोपचार फक्त आरपीई ६५ या जनुकात दोष असलेल्यांसाठी आहे, तोही डोळ्यात जिवंत पेशी पुरेशा उरल्या असतील तरच. अशा रुग्णाला नुसत्या आकड्यावरून कसे हुडकणार?

आपल्या भागात तर आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. मामाच्या मुलीशी लग्न इथे नवलाचे नाही आणि अशा लग्नात आई-बाप दोघांकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते. तरीही केसपेपरवरचा ‘नात्यात लग्न?’ हा रकाना रिकामा राहतो. ओपीडीच्या रेट्यात डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. तो रकाना भरायला फार तर अर्धे मिनिट लागते, एवढेच समितीचे म्हणणे.

रुग्णांची भीतीही खरी आहे. नाव खोडले तरी गाव, वय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की पारावरचा कोणीही माणूस ओळखतो, आणि मग धाकट्या बहिणीचे जमलेले लग्न अडते. विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण पाचशे उंबऱ्यांच्या गावात नाव झाकणे पुरत नाही, गावही झाकावे लागते. संशोधनाला तालुका पुरेल की जिल्हा, यावर दुपारी वाद होईल. तो व्हावाच.

दर्शनाला जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. पाहुण्यांपैकी काहींना तिन्हीसांजेनंतर दिसत नाही, म्हणून समितीने वाटेवर जादा दिवे लावले आहेत आणि हात धरायला गावातली पोरे उभी केली आहेत. त्यांना हाक मारायला कोणी संकोचू नये.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!