कल्प, क्षण आणि राहिलेला फोन

आज एकच शब्द घेऊ : कल्प. विश्व निर्माण होऊन लयाला जाण्याइतका काळ. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनला पोहोचला, पुढे जपानमध्ये ‘को’ झाला. कोट्यवधी कल्प म्हणजे ‘ओक्कू’. आजच्या बोलीत मात्र ‘ओक्कू’ म्हणजे ‘नको वाटतंय, जिवावर आलंय’. काम एवढंसं, पण सुरू करायलाच युगं लागतील असं वाटणं!

त्याच वाटेनं आपला ‘क्षण’ही गेला. तो झाला ‘सेत्सुना’.

गावी वडिलांना फोन करणं मला महिनाभर ओक्कू झालं होतं. परवा लावला. पहिलाच प्रश्न, ‘जेवलास का?’ महिन्याचं ओझं एका सेत्सुनात उतरलं.

तुमचाही एखादा फोन राहिला असेल. आधी तो लावा.