सही एका मिनिटाची, विचार तीन दिवसांचा

(कचारगडच्या पायथ्याशी झालेल्या युवकांच्या बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कर्जाच्या कागदांवर सह्या घेण्याचे काम तुमच्यापैकी काहीजण करतात, काहींना करायचे आहे. गोंदिया, आमगाव, सालेकसा या पट्ट्यात मी ते काही वर्षांपासून करतो आहे. मला विषय दिला आहे तो वेळेच्या नियोजनाचा. या कामात वेळ कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात वाचवायचा नाही, एवढेच मी सांगणार आहे.

अमेरिकेत कर्जाच्या सह्यांसाठी फिरते नोटरी घरी येतात. आपल्याकडे नोटरी १९५२ च्या कायद्याखाली नेमला जातो, बहुधा वकील असतो आणि आपल्या टेबलाशी बसतो. गावोगाव फिरतो तो बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे तुम्ही-आम्ही. त्यामुळे कर्जदाराला प्रश्न पडला तर समोर आपणच असतो.

आधी वेळ वाचवण्याच्या जागा पाहू. पहिली जागा म्हणजे आदल्या संध्याकाळचा फोन. आधार, पॅन, पासबुक, फोटो तयार आहेत का? तिन्ही कागदांवर नाव एकसारखे आहे का? सहकर्जदार आणि जामीनदार घरी असतील का? दहा मिनिटांच्या या फोनने दरेकशाची एक फुकटची फेरी वाचते.

दुसरी जागा म्हणजे रस्ता. एका दिवशी एकच दिशा धरा. सकाळी सालेकसा, दुपारी आमगाव, संध्याकाळी पुन्हा दरेकसा असे केले तर दिवस गाडीवरच जातो. दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा. डोंगराच्या कुशीत रेंज मिळाली नाही, तर ओटीपीची वाट पाहण्यातच तो संपतो. शुक्रवारी जुम्याची वेळ आधीच बाजूला काढा, म्हणजे दुपारी कुणाच्या अंगणात घड्याळ पाहत बसावे लागणार नाही.

तिसरी जागा म्हणजे गावाचे पंचांग. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे लोक मोहफुले वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, पावसाळ्यात धानाची रोवणी. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते, अनेक राज्यांतून गोंड बांधव गुहेकडे येतात. त्या दिवसांत धनेगावच्या माणसाला सहीसाठी बसवून ठेवणे बरोबर नाही. बाजाराचा दिवसही टाळा. गावाच्या वेळेप्रमाणे आपली वही आखली की फेऱ्या आपोआप कमी होतात.

आता वेळ न वाचवण्याची जागा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य माहितीचा तक्ता द्यावाच लागतो. त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर, हप्त्यांचे वेळापत्रक, तक्रार कुठे करायची हे सारे असते. त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. तक्ता त्याला समजेल अशा भाषेत हवा आणि समजावूनही सांगायला हवा. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात विचारासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. हे तीन दिवस कर्जदाराचे आहेत. आपले टार्गेट कितीही असो, त्यातला एक तासही आपला नाही.

महिनाअखेरीस फोन येतो, 'आजच सही घ्या'. अशा वेळी तक्ता कोणत्या तारखेला दिला ते वहीत लिहून ठेवा आणि तीच तारीख सांगा. कर्जदाराने स्वतःहून लवकर होकार दिला तर हरकत नाही, पण तो होकार आपण ओढून काढलेला नसावा.

सहीआधी मी कर्जदारालाच बोलायला लावतो. हातात किती येणार? हप्ता किती, किती महिने? एक हप्ता चुकला तर काय? घरात गोंडी बोलली जात असेल तर लिहितावाचता येणाऱ्या मुलीला किंवा शेजाऱ्याला बसवून ही उत्तरे त्यांच्याच भाषेत येऊ देतो. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे. तिथे मजकूर सांगायचा आहे तो कर्ज घेणाऱ्याने. त्याला जमत नसेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने. सावकाराने सांगायचा नाही. आपण मात्र कर्जदाराला एकच गोष्ट सांगतो, 'इथे सही करा'.

आणखी दोन गोष्टी. गैरहजर माणसाची सही नंतर घेऊ म्हणून कागद पुढे सरकवू नका आणि ओटीपी फोनवर मागू नका. आदिवासी बांधवाच्या जमिनीवर कुणी खासगी सावकार लिहून घेत असेल, तर नोटरीच्या शिक्क्याने तो व्यवहार कायदेशीर होत नाही. अशी जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे निर्बंध आहेत. तिथे आपला वेळ त्या घराला हे सांगण्यात जाऊ द्या.

अशा पद्धतीने दिवसात चारच सह्या होतात. दहा करणारेही मला माहीत आहेत. पण माझ्या चार घरांत पुन्हा जाताना मला मान खाली घालावी लागत नाही, आणि पुढचे कर्जदार त्याच घरांतून माझ्याकडे येतात. उद्यापासून वहीत एक रकाना वाढवा: तक्ता दिल्याची तारीख. बाकीचे नियोजन त्या तारखेपासून सुरू करा.