अणुकचरा : आकार घटतो, भार उरतो



मुचकुंदी नदी सागराला मिळते त्या मुखावर हा पूर्णगड उभा आहे. याच किनाऱ्याने दक्षिणेस गेले की माडबनचे पठार लागते. तेथे ९,९०० मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प प्रस्तावित आहे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. एप्रिलमध्ये नाटे येथे आंदोलकांवरील गोळीबारात एक तरुण मृत्युमुखी पडला. ‘कचरा कोठे टाकणार?’ हा कोकणी माणसाचा प्रश्न साधा आहे. विकासविरोधी म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे ठरेल.

उत्तराचा शोध तारापूरला घ्यावा लागतो. तेथे १९६९ पासून अणुवीज निर्माण होऊ लागली. अणुकचरा एकाच जातीचा नसतो. हातमोजे, कागद, पुसण्याची फडकी असा सौम्य कचरा जगभर आकारमानाने सुमारे ९० टक्के. त्यातील किरणोत्सार मात्र जेमतेम १ टक्का. उलट ३ टक्के तीव्र कचऱ्यात ९५ टक्के किरणोत्सार! म्हणून वर्गवारी हे पहिले काम. जळणारे जाळून धूर गाळायचा आणि राख सिमेंटमध्ये कोंडायची. न जळणारे प्रचंड दाबाने चेपायचे. द्रव कचऱ्याचे तर मिठागरासारखेच : पाणी आटवले की थोडासा साका उरतो.

खरी किमया पुनर्प्रक्रियेची. ट्रॉम्बेचा पहिला प्रकल्प १९६४ मधला. वापरलेल्या इंधनाचा बहुतांश भाग युरेनियमच असतो. तो आणि प्लुटोनियम वेगळे काढले की उरलेला तीव्र अंश बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. त्यातूनच काढलेले सीझियम-१३७ रक्तपेढ्यांतील रक्ताच्या किरणप्रक्रियेसाठी वापरले जाते. डॉ. होमी भाभांनी इंधनचक्र बंदिस्त ठेवण्याचा आग्रह धरला, त्याचे हे फळ.

तरीही एक गोष्ट लपवू नये. दाबल्याने वा जाळल्याने आकारमान घटते, किरणोत्सार नव्हे. तो अधिक घट्ट होतो इतकेच. सीझियम-१३७ निम्मे व्हायला ३० वर्षे लागतात, प्लुटोनियम-२३९ ला सुमारे २४,००० वर्षे. फिनलंडने ओंकालो येथे सुमारे ४३० मीटर खोल खडकात कायमचे कोठार खोदले आहे. भारतात असे कोठार अद्याप नाही; काचेचे डबे देखरेखीखाली साठवले जातात.

माडबनला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या योजल्या आहेत. त्यांचे वापरलेले इंधन किती वर्षे पठारावर राहील, पुनर्प्रक्रियेसाठी कोठे जाईल आणि काचेचे डबे कोणाच्या ताब्यात असतील, हे मराठीत, आकड्यांसह, प्रत्येक गावच्या ग्रामसभेपुढे मांडले गेले पाहिजे. आणि तेही पहिला पाया खणण्याआधी.